मेलेल्या माणसाने लपवलेला डबा

१

सकाळी चौघांचेही फोन एकदमच वाजले. चौघंही आपापल्या घरी पांघरुणात होते, कारण बाहेर पारा शून्याच्या कितीतरी खाली गेला होता. ज्याने ज्याने अर्धवट झोपेत फोन डोळ्यांसमोर धरला, त्याची झोप एका क्षणात उडाली.

'कप्तान यांनी नवीन डबा लपवला आहे.'

कप्तानला जाऊन वर्ष होत आलं होतं.

त्यांचा खेळ साधा होता. कुणीतरी रानात एक डबा लपवायचा आणि त्या जागेचे आकडे फोनवर टाकायचे. बाकीच्यांनी फोनमधला बाण बघत, काटेकुटे तुडवत तो शोधून काढायचा. डब्यात एखादी किरकोळ वस्तू असायची. ती घ्यायची, आपली एखादी ठेवायची आणि डबा होता तसा लपवून परत यायचं. हे वेड गावात आणलं ते कप्तानने. फुटबॉलचा पंच म्हणून निवृत्त झालेला हा गडी घरात बसेल तर शपथ. गेल्या हिवाळ्यात असाच एकटा नवा डबा लपवायला गेला, धुक्यात पाय घसरून जुन्या दगडखाणीत पडला आणि थंडीने गारठून गेला. पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली आणि विषय मिटला.

फौजदारबाईंनी तो निरोप पुन्हा एकदा वाचला. त्या खरोखरच्या फौजदार होत्या. निवृत्तीनंतर गुडघ्यांच्या डॉक्टरने चालायला सांगितलं म्हणून त्या या गटात आल्या आणि रमल्या. कप्तान गेला तेव्हा त्या लेकीच्या बाळंतपणाला परगावी होत्या. ती रुखरुख त्यांच्या मनातून गेली नव्हती.

त्यांनी कप्तानच्या बायकोला फोन लावला. गटात सगळे तिला वहिनी म्हणत.

"वहिनी, पाहिलंत?"

"पाहिलं." पलीकडून शांत आवाज आला. "जायचं ना?"

"कुणीतरी चावटपणा केला असेल. त्यांचा पासवर्ड तर गावाला माहीत होता."

"असेल. पण डबा आहे म्हटल्यावर शोधायला नको?"

फौजदारबाईंनी आकडे नकाशावर टाकून पाहिले. बाण थेट दगडखाणीच्या दिशेने वळला.

२

डांबरी रस्ता संपतो तिथे चौघं जमले. झाडांच्या फांद्यांवर पांढरं दव गोठलं होतं आणि चाकोरीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरली होती. त्यावर पाय पडला की करकर आवाज व्हायचा आणि धुक्यात तो आवाज आपल्या मागून कुणीतरी चालत असल्यासारखा वाटायचा. वहिनींनी दोनदा वळून पाहिलं.

"दादा असता तर आत्तापर्यंत शंभर विनोद झाले असते," कप्तानचा धाकटा भाऊ म्हणाला. तो गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काम करायचा. कप्तानपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, भावाच्या अंगाखांद्यावर वाढलेला. त्याला सगळे धाकटे म्हणत.

"त्यातले नव्वद माझ्यावर," डॉक्टर म्हणाले. ते दातांचे डॉक्टर, कप्तानचे शाळेपासूनचे मित्र. कप्तान त्यांना चारचौघांत 'दातपाड्या' म्हणायचा. आयुष्यभर गुळगुळीत दाढी केलेल्या या माणसाने वर्षभरात भरघोस दाढीमिशा वाढवल्या होत्या. पेशंट ओळखत नाहीत, असं त्यांची मदतनीस सांगायची.

खाणीच्या अलीकडे एक मोडकी पंपाची खोली होती. छप्पर उडालेलं, भिंती तेवढ्या उभ्या. बाण तिथे येऊन थांबला. डबा सापडायला वेळ लागला नाही. भिंतीतला एक दगड सैल होता, त्याच्यामागे. कप्तानचे डबे असे पटकन सापडत नसत, हे फौजदारबाईंनी मनातल्या मनात टिपून ठेवलं.

धाकट्याने हातमोजे काढून झाकण फिरवलं. आत दोन गोष्टी होत्या. गोळ्यांच्या बाटलीत ओल शोषायला टाकतात तसली एक बारकी पुडी आणि काळ्या दोरीत ओवलेली पितळी शिट्टी.

चौघांनीही ती शिट्टी लगेच ओळखली.

त्या शिट्टीवर कप्तानने पाव शतक सामने खेळवले होते. ती दिवसरात्र त्याच्या गळ्यात असायची. दुसऱ्या कुणी तिला हात लावलेला त्याला खपायचा नाही. खाणीतून वर काढलं तेव्हा मात्र ती त्याच्या गळ्यात नव्हती. पडताना खालच्या पाण्यात गेली असेल, असं सगळे धरून चालले होते.

"ही... ही पाण्यात गेली होती ना?" धाकट्याने विचारलं.

"गेली नव्हती, हे दिसतंच आहे," फौजदारबाई म्हणाल्या. "दोरी तुटलेली नाही. गाठ शाबूत आहे. म्हणजे ती गळ्यातून पडलेली नाही. डोक्यावरून काढलेली आहे."

त्यांनी तिघांकडे पाहिलं. धाकटा शिट्टीकडे बघत होता. डॉक्टर जमिनीकडे बघत होते. आणि वहिनी त्या दोघांच्या चेहऱ्यांकडे.

"त्या दिवशी कप्तान एकटा नव्हता," फौजदारबाई म्हणाल्या.

३

"मी आता फौजदार नाही," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "कुणाला उत्तर द्यायचं नसेल तर सरळ घरी जा. पण जो जाईल त्याच्याबद्दल बाकीचे काय समजतील ते समजतील."

कुणीही गेलं नाही. फौजदारबाईंनी रस्त्यावरची गाडी खोलीपर्यंत आणली, हीटर लावला आणि एकेकाला शेजारी बसवलं. काचांवर आतून वाफ धरली. बाहेर उभी असलेली माणसं नुसत्या काळ्या सावल्या होऊन गेली.

आधी धाकटा आला.

"त्या दुपारी कुठे होतात?"

"सांगितलं होतं की तेव्हा. गाडी बंद पडली होती. गॅरेजमध्ये."

"स्वतः सुटे भाग विकणारा माणूस दुपारभर दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये बसला? बाळ, मी तीस वर्षं थापाच ऐकत आले."

धाकट्याने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं. "सिनेमा बघत होतो. फोन बंद ठेवून. वहिनी फोनवर फोन करत होत्या, दादा अजून आला नाही म्हणून. बाहेर आलो तेव्हा अंधार पडला होता. दादा तिकडे गारठत होता आणि मी पॉपकॉर्न खात बसलो होतो. हे कुणाला सांगू?"

"मग?"

"मग माणसं जमवली, शोधायला निघालो. मी या रस्त्याने किती वेळा गेलो असेन, देव जाणे. दादा, दादा, ओरडून घसा बसला. इथूनच गेलो, बाई. याच रस्त्याने."

"खाणीत का नाही पाहिलं?"

"डॉक्टर म्हणाले, मी खाणीकडे बघून आलोय, तिथे कुणी नाही. सकाळी उजाडल्यावर दिसला. धुक्यात त्यांना तरी काय दिसणार? त्यांना नाही मी दोष देत."

फौजदारबाईंनी हाताने काचेवरची वाफ पुसली. पलीकडे डॉक्टर एकटेच उभे होते, खाणीकडे पाठ करून.

मग डॉक्टर आत आले.

"मी दवाखान्यात होतो. एक अक्कलदाढ काढायची होती."

"कुणाची?"

"एवढ्या दिवसांनी कुणाला आठवणार?"

"आणि रात्री शोधायला आलात."

"सगळेच आले होते. आलो नसतो तर माणूस म्हणवून घेतलं असतं का?"

"अंत्यसंस्काराला मी नव्हते. तुम्ही होतात ना?"

"हो. म्हणजे... सर्दी झाली होती मला. मास्क लावून उभा होतो मागे. त्या रात्री फिरलो ना थंडीत." डॉक्टर उगाच हसले. "एका बाजूने बरंच झालं. कुणाला चेहरा दिसला नाही."

शेवटी वहिनी आल्या. त्या औषधांचं दुकान चालवायच्या. दार लावून घेतलं आणि हात मांडीवर ठेवून सरळ बसल्या.

"वहिनी, तुम्हाला मी प्रश्न विचारत नाही. डबा तुम्हीच ठेवलात."

वहिनींनी ते नाकारलं नाही. "कशावरून?"

"ओल शोषायची पुडी. रानात डबा लपवताना तुमच्या धंद्यातल्या माणसाशिवाय कुणाला ती सुचणार? आणि झाकण उघडताना सगळे डब्यात बघत होते. तुम्ही नाही."

वहिनींनी मांडीवरचे हात एकमेकांत गुंफले.

"महिन्यापूर्वी गटाची पिशवी माझ्याकडे आली," वहिनी म्हणाल्या. "दोरखंड, बॅटरी, मलमपट्टी ठेवतो ती. हे गेले तेव्हा ती डॉक्टरांच्या गाडीत होती. नंतर भाऊजींकडे. भाऊजींनी घर बदललं म्हणून माझ्याकडे आणून टाकली. आवरायला घेतली तर बाजूच्या कप्प्यात ही शिट्टी. दोघांपैकी कुणीतरी ठेवली, बाई. एकाला मी मुलासारखं जेवू घातलं. दुसरा यांचा जिवाभावाचा मित्र. कुणाला विचारू? आणि चुकीच्या माणसाला विचारलं तर? म्हणून यांच्याच नावाने डबा ठेवला. म्हटलं, यांनाच विचारू दे."

"चेहऱ्यांवरून काही कळलं?"

"नाही. दोघंही सारखेच घाबरले."

"ठीक आहे. मग आपण शिट्टीलाच विचारू," फौजदारबाई म्हणाल्या.

४

चौकशी चालू होती तोवर शिट्टी पंपाच्या खोलीच्या उघड्या भिंतीवर पडून होती. फौजदारबाईंनी ती मुद्दामच तिथे ठेवली होती. दोरीला धरून त्यांनी ती उचलली.

"माझं एक काम करा. प्रत्येकाने एकदा ही वाजवा. आवाज किती लांब जातो ते मला बघायचंय. धाकटे, आधी तुम्ही."

धाकट्याने शिट्टी घेतली आणि सरळ ओठांकडे नेली. ओठ टेकणार इतक्यात फौजदारबाईंनी फाडकन त्याच्या हातावर फटका मारला. शिट्टी गवतात जाऊन पडली.

"काय झालं?"

"काही नाही. आता डॉक्टर तुम्ही."

डॉक्टरांनी शिट्टी उचलली. मुठीत घट्ट धरली, मग कोटाच्या आत, काखेत घातली आणि थोडा वेळ तशीच ठेवली. बाहेर काढून तिच्यावर तोंडाची वाफ सोडली. आणि मग एकाएकी थांबले. आपण काय करतोय हे बहुतेक त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं.

"का थांबलात? ऊब द्यायची पद्धत तर अगदी बरोबर आहे," फौजदारबाई म्हणाल्या.

"उघडा धातू आहे तो. इतक्या थंडीत ओठ चिकटतो. कुणालाही माहीत असतं हे."

"धाकट्यांना माहीत नव्हतं. कप्तानला माहीत होतं, म्हणून हिवाळ्यात तो तोंडाच्या जागी रबराची टोपी चढवायचा. वहिनी, बरोबर ना?"

"हो," वहिनी म्हणाल्या. "मीच दुकानातून आणून द्यायची. ड्रॉपरची टोपी."

"ती आता नाही. त्या दिवशी कुठेतरी पडली. ही शिट्टी कुणीतरी टोपीशिवाय फुंकली, अशाच थंडीत. ओठ चिकटला असणार आणि त्याने तो ओढून काढला असणार. कातडी सोलून निघाली असेल. असली जखम लपवायची तर तोंड झाकावं लागतं. दुसरा कुणी इतके दिवस तोंड झाकून फिरला असता तर दहा जणांनी विचारलं असतं. दातांच्या डॉक्टरला मात्र मास्क लावल्याबद्दल कोण विचारणार? आणि नंतर राहिलेला व्रण झाकायला दाढीमिशा."

डॉक्टरांचा हात आपोआप खालच्या ओठाकडे गेला.

"पण मला सगळ्यात जास्त खटकली ती वेगळीच गोष्ट," फौजदारबाईंचा आवाज हळू झाला. "तुम्ही लोकांना सांगितलंत, खाणीकडे मी बघून आलो. डॉक्टर, शोधणाऱ्यांना तुम्ही खाणीपासून दूर का ठेवलंत?"

धाकटा एक पाऊल पुढे आला. "डॉक्टर? तुम्ही माझ्याबरोबर चालत होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होता."

डॉक्टर भिंतीला पाठ टेकून खाली बसले.

५

"वहिनी, त्याने तुम्हाला एकटा जातोय म्हणून सांगितलं, कारण मी बरोबर होतो," डॉक्टर म्हणाले. "माझ्या पिण्यामुळे तुम्ही त्याला माझ्यासोबत जायची बंदी केली होती. मी सोडली म्हणून सांगत होतो. सोडली नव्हती. खिशात ब्रँडी होती."

ते सांगत गेले. मध्येच थांबत होते, पुन्हा सुरू करत होते. खाणीच्या काठाने जवळचा रस्ता आहे, असा हट्ट त्यांनीच धरला होता. कप्तान पुढे चालत होता. घसरला आणि खालच्या कपारीत अडकला. पाय मोडला. फोन फुटला. डॉक्टरांचा फोन थंडीने बंद पडला होता.

"तरी विनोद करत होता. म्हणाला, दातपाड्या, आज तुझी नाही, हाडांच्या डॉक्टरची गरज आहे. मग शिट्टी काढून वर फेकली. म्हणाला, वर उंचावर जाऊन फुंक, आवाज लांब जाईल. दगडावर आपटून टोपी कुठे उडाली कुणास ठाऊक. मी फुंकली, वहिनी. ओठ फाटला तरी फुंकत होतो. रक्त गोठलं तिच्यावर. कुणी आलं नाही. मग तोच म्हणाला, गाडीपर्यंत जा, माणसं घेऊन ये."

"गेलात?" वहिनींनी विचारलं.

"गेलो. गाडीत फोन चार्जिंगला लावला. तोंडाला वास येत होता. आधी एकदा पिऊन गाडीचा अपघात केला होता, परत सापडलो असतो तर परवाना गेला असता. म्हटलं जरा गरम होऊ दे, वास जाऊ दे, मग फोन करतो. हीटर चालू होता." ते थांबले. "डोळा लागला."

डॉक्टरांनी मूठ उघडून शिट्टीकडे पाहिलं.

"उठलो तेव्हा दिवस मावळत होता. धावत गेलो. वरून हाका मारल्या. उत्तर आलं नाही. म्हटलं, गेला. आता काय सांगायचं आणि कुणाला? रात्री तुम्ही सगळे निघालात तेव्हा वाटलं, उजेडात सापडू दे. रात्री सापडला असता तर माझ्या तोंडाचा वास, फाटलेला ओठ, सगळं उघड झालं असतं. म्हणून मफलरने तोंड झाकलं आणि म्हणालो, बघून आलो."

"तपासणीच्या अहवालात लिहिलं होतं," वहिनी म्हणाल्या, "की पहाटे गेले."

"वाचलं मी ते." डॉक्टरांनी मान वर केली नाही. "मी हाका मारल्या तेव्हा तो बेशुद्ध असेल. नंतर शुद्धीवर आला असेल. धाकटे इथून ओरडत गेले ते त्याने ऐकलं असेल. आणि उत्तर द्यायला त्याच्याजवळ काही नव्हतं. शिट्टी माझ्या खिशात होती. रोज रात्री मी एवढंच ऐकतो. तो ऐकतोय आणि त्याला बोलता येत नाही."

धाकटा त्यांच्या अंगावर धावून गेला नाही. फौजदारबाईंना ती भीती होती, पण तो नुसता भिंतीला हात टेकून उभा राहिला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडायला लागला. डॉक्टर त्याच्याकडे बघायला तयार नव्हते.

"पिशवीत का ठेवलीत?" वहिनींनी विचारलं. "फेकून द्यायची होती."

"किती वेळा गेलो फेकायला. नाही जमलं. सापडू नये असं वाटायचं, आणि कधीकधी वाटायचं की सापडावी. बाई, मला चौकीवर घेऊन चला."

"चला," फौजदारबाई म्हणाल्या. "मी बरोबर येते. जे इथे सांगितलंत तेच तिथे सांगा. त्यातला शब्दही कमी करू नका."

डॉक्टर उठले. वहिनींसमोर येऊन थांबले. हात जोडायला गेले, पण हात अर्ध्यावरच राहिले.

"शेवटी काय म्हणाले ते?" वहिनींनी विचारलं. "तुम्ही गाडीकडे निघालात तेव्हा?"

"म्हणाला, सांभाळून जा रे. धुकं आहे."

वहिनींनी डोळे मिटले. "तेच म्हणणार," त्या पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर, मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. पुढेही कधी समजू नका. एवढंच सांगायचं होतं."

डॉक्टर मान खाली घालून गाडीत जाऊन बसले. फौजदारबाई त्यांच्या शेजारी बसल्या, पण त्यांनी गाडी लगेच सुरू केली नाही. कारण वहिनी खाणीच्या दिशेने चालायला लागल्या होत्या.

"वहिनी!" धाकटा मागे धावला. "कड निसरडी आहे. थांबा, हात धरतो."

"धरा, भाऊजी. पण अडवू नका. त्या रात्री सगळ्या गावाने यांना हाका मारल्या. मी तेवढी घरी बसून होते, फोन आला तर कुणीतरी हवं म्हणून. वर्षभर मनात आहे, आपण एक हाक मारायची राहिली."

कडेशी जाऊन त्या उभ्या राहिल्या. धाकट्याने त्यांचा दंड दोन्ही हातांनी धरला होता. खाली काहीच दिसत नव्हतं, नुसतं पांढरं धुकं काठापर्यंत भरलेलं.

"अहो!"

समोरच्या दगडांवरून तोच शब्द परत आला. मग अजून लांबून, आणखी हळू.

"अहो, ऐकलंत का?"

गाडीच्या काचा बंद होत्या, तरी आवाज आत पोचला. डॉक्टरांनी कानांवर ठेवायला हात उचलले आणि तसेच खाली घेतले. त्यांनी आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली. गार वारा आत शिरला. फौजदारबाईंनी त्यांना काच लावायला सांगितलं नाही.

तिकडे वहिनी पुन्हा हाक मारत होत्या, आणि दरवेळी उत्तर येईल एवढा वेळ थांबत होत्या.